मधुमालतीची लागवड आणि छाटणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमालती लावणे फार सोपे आहे. लावल्यानंतर तिला आवरणे तेवढे सोपे नाही. वीतभर रोपाकडे पाहून दिलेली जागा दोन-तीन वर्षांत अपुरी पडते, मांडव वाकतो, फुले उंचावर जातात आणि कात्री हातात घेतलेला माणूस सुरुवात कुठून करावी हे न कळल्याने वरवरचे शेंडे तेवढे कापून थांबतो. अशी वेळ येऊ नये, आणि आलीच असेल तर वेल सावरता यावी, म्हणून ही उत्तरे जरा सविस्तर लिहिली आहेत.

मधुमालती म्हणजे नेमकी कोणती वेल?

मधुमालती, मालती आणि माधवी ही नावे बोलताना सर्रास एकमेकींच्या जागी वापरली जातात आणि त्यामुळे रोप आणतानाच पुष्कळांची गफलत होते. येथे जिच्याविषयी लिहिले आहे ती मधुमालती म्हणजे संध्याकाळी पांढरी उमलणारी, पुढे गुलाबी आणि मग लाल होणारी, लांब नळीच्या सुगंधी फुलांचे झुबके लोंबवणारी वेल. लिनियस यांनी १७६२ मध्ये तिला क्विस्क्वालिस इंडिका हे नाव दिले. आता वनस्पतिशास्त्रात ती कॉम्ब्रेटम इंडिकम या नावाने ओळखली जाते. अर्जुन, हिरडा आणि बेहडा हे मोठे वृक्ष तिच्याच कुळातले आहेत. माधवीलता ही निराळ्या कुळातली वेल असून तिच्या पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या असतात, त्यांपैकी एका पाकळीवर पिवळा ठसा असतो आणि फळाला तीन पंख असतात. मधुमालतीला फळ धरलेच, तर त्याला पाच धारा असतात.

एकाच झुबक्यात पांढरी, गुलाबी आणि लाल फुले कशी दिसतात?

ती निरनिराळ्या वयाची फुले असतात. कळी दिवस मावळताना उमलते तेव्हा फूल पांढरे असते, देठावर आडवे धरलेले असते आणि त्याचा सुवास सर्वांत तीव्र असतो, कारण या वेळी ते लांब सोंडेच्या निशाचर पतंगांची वाट पाहत असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते आणि मान खाली घालू लागते. तिसऱ्या दिवसापर्यंत ते गडद लाल होऊन पुरते लोंबते आणि मग दिवसा हिंडणारे कीटक व पक्षी त्याच्याकडे वळतात. झुबक्याच्या टोकाकडच्या कळ्या अजून मिटलेल्या किंवा नुकत्याच पांढऱ्या उमललेल्या असतात, मधली फुले गुलाबी झालेली असतात आणि बुडाची लाल, म्हणून एका नजरेत तिन्ही रंग दिसतात. रंग बदलला म्हणजे फूल सुकत चालले, असे समजून लाल फुले खुडू नयेत.

वेलीसाठी जागा कशी निवडावी?

दिवसातून निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. अर्धसावलीत मधुमालती मरत नाही, उलट जोमाने वाढते, पण ती सारी वाढ पानांची आणि उजेडाकडे धावणाऱ्या लांबलचक फांद्यांची असते. जमीन बहुतेक कोणतीही चालते. पाणी साचून राहणारी मात्र चालत नाही. थंडी तिला सोसते, परंतु दहिवराने, म्हणजे गोठलेल्या दवाने, वरच्या फांद्या करपतात आणि वेल पुन्हा बुंध्यातून फुटते, त्यामुळे जिथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते तिथे ती आडोशालाच लावावी.

जागा ठरवताना वरही पाहावे. विजेच्या तारा, कौलारू छपराची कड, पावसाच्या पाण्याची पन्हळ आणि शेजारचे लहान झाड या चार ठिकाणी ही वेल हमखास पोहोचते. कौलांच्या फटीत शिरलेला कोवळा शेंडा वर्षभरात बोटाएवढा जाड होतो आणि कौल उचलतो. लहान झाडावर चढलेली वेल त्याचा उजेड तोडते आणि त्याला हळूहळू मारते. म्हणून फळझाडाच्या जवळ ती लावूच नये. झोपण्याच्या खोलीच्या खिडकीजवळ मात्र ती अवश्य लावावी, कारण तिचा सुगंध रात्रीचाच आहे.

तिला आधार कसा आणि किती मजबूत द्यावा?

आधार आधी उभा करावा आणि वेल नंतर लावावी. हा क्रम उलटा झाला, की पुढची सगळी कामे अवघड होतात, कारण फुललेल्या वेलीखाली खांब रोवताना मुळेही दुखावतात आणि फांद्याही मोडतात.

मधुमालतीला द्राक्षासारखे तणावे नसतात आणि भिंतीला चिकटणारी मुळेही नसतात. तिचे कोवळे शेंडे मिळेल त्या आधाराभोवती वळसे घेतात. शिवाय तिच्याकडे आणखी एक साधन आहे, जे जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. पान गळते तेव्हा त्याचा देठ मुळासकट पडत नाही. देठाचा बुडखा फांदीवरच राहतो, वाळून कडक होतो आणि काट्यासारखा होतो. जुन्या फांदीवरून बोट फिरवले तर प्रत्येक पेरावर, म्हणजे पान फुटते त्या सांध्यावर, हे जोडीजोडीने लागतात. याच आकड्यांच्या साहाय्याने वेल जाळीत, फांद्यांत आणि स्वतःच्याच गुंत्यात अडकून वर सरकते. म्हणून गुळगुळीत भिंतीवर ती स्वतःहून चढत नाही. तिथे ३० ते ४५ सेंटिमीटर अंतराने आडव्या तारा ताणाव्या लागतात, आणि तार व भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट ठेवावी लागते, नाहीतर छाटणीच्या वेळी कात्री आत जात नाही.

पूर्ण वाढलेली वेल सात-आठ मीटर सहज जाते. कोरड्या वेलीचे वजन आपल्याला पेलेल असे वाटते, पण पावसात भिजलेला पाला आणि त्यावर वारा असे दोन्ही एकत्र आले की बांबूची किंवा पातळ पत्रीची कमान आडवी होते. माझ्या पहिल्या वेलीची कमान अशीच एका रात्री कोसळली, आणि तिच्यासोबत तीन वर्षे घडवलेला मुख्य दांडाही चिरला. तेव्हापासून मी लोखंडी नळीचे किंवा जाड लाकडाचे, जमिनीत निदान ६० सेंटिमीटर रोवलेले खांबच वापरण्याचा आग्रह धरतो.

खड्डा केवढा घ्यावा आणि रोप कसे लावावे?

लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी ४५ सेंटिमीटर असा खड्डा पुरतो. मुरमाड किंवा घट्ट चिकण जमीन असेल तर तो ६० सेंटिमीटरचा घ्यावा. भिंतीच्या पायापासून खड्डा किमान अर्धा मीटर दूर असावा, कारण भिंतीलगतची माती कोरडी राहते आणि तिच्यात बांधकामाचा चुना व सिमेंटही मिसळलेले असते. खणलेल्या मातीत तिच्या एक तृतीयांश चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून खड्डा भरावा. ताजे शेण घालू नये, त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात.

पावसाळ्याची सुरुवात लागवडीला सर्वांत चांगली. पाण्याची सोय असेल तर कडक उन्हाळा आणि कडाक्याची थंडी सोडून कधीही लावता येते. पिशवी फाडल्यावर मातीचा गोळा बाजूने पाहावा. मुळे गोल गोल फिरून गुंडाळलेली दिसली तर ती बोटांनी हलकेच सोडवावीत, कारण तशीच लावली तर ती पुढे कितीतरी दिवस त्या गोळ्यातच फिरत राहतात. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच खोल लावावे, आधाराच्या दिशेला थोडे तिरके करावे, माती हाताने दाबावी आणि आळे करून भरपूर पाणी द्यावे. बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडून वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालावे. दोन वेली लावायच्या असतील तर त्यांच्यात दोन ते तीन मीटर अंतर हवे. घरगुती बागेला बहुधा एकच पुरते.

रोप लावून काही महिने झाले, पण ते वर न चढता झुडपासारखे पसरत आहे. काही चुकले का?

काहीही चुकलेले नाही. मधुमालती आपले आयुष्य झुडूप म्हणूनच सुरू करते आणि बुंध्याजवळ आखूड, दाट फांद्या काढते. मग एके दिवशी बुडातून एखादा धुमारा निघतो, जो इतरांपेक्षा सरळ, जाड आणि दुप्पट वेगाने वाढणारा असतो; तो दिसला की वेलीचा स्वभाव बदलला असे समजावे. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या रम्फियस यांनाही या बदलाचे नवल वाटले होते, आणि लॅटिन भाषेत ‘कोण? कसली?’ असा अर्थ होणारे क्विस्क्वालिस हे नाव त्यांनीच वापरात आणले. या काळात पसरलेल्या फांद्या कापून रोपाला घाई करू नये. त्यांच्या पानांवरच तो धुमारा पोसला जाणार असतो.

पहिल्या दोन-तीन वर्षांत छाटणी करावी का?

करावी, पण ती वेलीला वळण लावण्यासाठी. जोमदार धुमाऱ्यांपैकी दोन किंवा फार तर तीन निवडून आधाराला सैल बांधावेत. बांधण्यासाठी सुती पट्टी किंवा काथ्याची दोरी वापरावी. तार वापरली तर ती वर्षभरात खोडात रुतते. निवडलेल्या धुमाऱ्यांना एकमेकांभोवती पीळ घालून देऊ नये. पीळ घातलेले दांडे सुरुवातीला सुंदर दिसतात, परंतु पाच वर्षांनी त्यांतला एक काढायची वेळ आली की दोन्ही कापावे लागतात.

धुमारा मांडवाच्या उंचीला पोहोचला की त्याचा शेंडा खुडावा. शेंडा खुडल्यावर खालच्या पेरांवरचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, जागे होतात आणि आजूबाजूला फांद्या निघतात; त्या आडव्या पसरवून बांधाव्यात. आडव्या फांदीवर एका रांगेत फुटवे येतात, तर उभ्या फांदीचा सगळा जोर टोकाला जातो, म्हणूनच उभ्या वाढू दिलेल्या वेलीची फुले फक्त माथ्यावर दिसतात आणि खाली नुसती सुतळीसारखी खोडे उरतात. या वर्षांत घडलेला सांगाडा पुढे कायम राहतो आणि नंतरची छाटणी त्याच्यावर येणाऱ्या फांद्यांचीच असते, त्यामुळे इथे दिलेला वेळ कधीही वाया जात नाही.

मुख्य छाटणी कधी करावी?

फुलांचा बहर ओसरल्यानंतर आणि नवी पालवी फुटण्याआधी, म्हणजे हिवाळा संपत असताना. यामागचे कारण नीट समजून घेतले तर छाटणीची भीती जाते. मधुमालतीचे झुबके त्याच हंगामात फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकांना आणि पानांच्या बगलेत येतात. गेल्या वर्षी फुललेली फांदी त्याच टोकाला पुन्हा फुलत नाही. तिच्यावरून नवी डहाळी निघेल तेव्हा त्या डहाळीवर फुले येतात. वेल छाटली नाही तर ही नवी डहाळी दरवर्षी आधीच्या टोकापासून पुढे निघते आणि फुले दरवर्षी तेवढी दूर व तेवढी उंच जातात. आपण फांदी मागे आणतो तेव्हा फुलांनाच आपल्या नजरेच्या टप्प्यात आणत असतो.

छाटणीला उशीर करून पालवी फुटल्यावर कात्री लावली तर नुकत्याच निघालेल्या, फुले धरू पाहणाऱ्या डहाळ्याच कापल्या जातात आणि बहर काही आठवडे पुढे ढकलला जातो. ऐन थंडीत छाटले तर नवे फुटवे थंडीत सापडतात. भर पावसात मोठे काप घेऊ नयेत, कारण ओल्या जखमेतून कुजण्याचा धोका असतो.

मुख्य छाटणीत आधी मेलेल्या, चिरलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढाव्यात. त्यानंतर सांगाड्यावरून निघालेली गेल्या वर्षीची प्रत्येक फांदी दोन ते चार पेरे ठेवून मागे छाटावी. काम झाल्यावर वेल उघडीबोडकी दिसते आणि आपण फार कापले असे प्रत्येकाला वाटते. उष्णता वाढू लागली की काही आठवड्यांत ती पुन्हा भरते.

हंगामात मात्र एवढे कापू नये. एक बहर संपला की त्या झुबक्यांखालच्या दोन-तीन पेरांपर्यंत शेंडे कातरले तर पुढचा बहर लवकर येतो, आणि वाट अडवणाऱ्या किंवा छपराकडे निघालेल्या फांद्या केव्हाही तोडता येतात.

काप नेमका कुठे घ्यावा?

मधुमालतीची पाने समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे प्रत्येक पेरावर दोन डोळे असतात. काप पेराच्या वर अर्ध्या ते एका सेंटिमीटरवर सरळ घ्यावा. तिरका काप जिथे डोळे आळीपाळीने येतात तिथे शोभतो. इथे तिरका घेतला तर दोहोंपैकी एक डोळा दुखावतो. दोन्ही डोळे फुटून एका फांदीच्या दोन होतात, आणि जिथे दाटी नको असेल तिथे आतल्या बाजूचा कोंब कोवळा असतानाच नखाने खुडून टाकावा.

पेन्सिलीएवढ्या फांदीला सिकेटर, म्हणजे छाटणीची हातकात्री, पुरते, अंगठ्यापेक्षा जाड खोडाला बारीक दाताची आरी वापरावी. हातमोजे घालावेत, कारण आधी सांगितलेले देठांचे आकडे मनगट चांगलेच ओरबाडतात. कापलेली लांब फांदी ओढून काढण्याचा मोह आवरावा. ती त्याच आकड्यांनी चांगल्या फांद्यांना अडकलेली असते आणि ओढली की त्यांचीही साल सोलते. हातभर लांबीचे तुकडे करत ती सोडवावी.

कित्येक वर्षे न छाटलेली वेल आहे. ती वाचवता येईल का?

येईल. मधुमालती मुळांत फार चिवट असते, आणि मुळे निरोगी असतील तर ती कठोर छाटणीतूनही उभी राहते. एकदम करायचे असेल तर हिवाळ्याच्या अखेरीस सगळी खोडे जमिनीपासून ३० ते ६० सेंटिमीटरवर कापावीत, बुंध्याशी शेणखत घालावे, आणि येणाऱ्या असंख्य धुमाऱ्यांपैकी तीन-चार ठेवून बाकीचे काढून टाकावेत. असे केल्यास पहिल्या हंगामात फुले उशिरा आणि कमी येतात. घराची सावली किंवा आडोसा त्या वेलीवर अवलंबून असेल तर हेच काम तीन वर्षांत वाटावे आणि दरवर्षी सर्वांत जुने एक तृतीयांश खोड बुडातून काढावे. मला दुसरी पद्धत अधिक आवडते, कारण तिच्यात पक्ष्यांची घरटी आणि वेलीखालची सावली एकदम नाहीशी होत नाही. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर त्या भागाची छाटणी पिल्ले उडेपर्यंत थांबवावी.

पाने भरपूर आहेत, पण फुले येत नाहीत. का?

बहुतेक वेळा ऊन कमी पडते किंवा नत्र (नायट्रोजन) जास्त होते. हिरवळीसाठी किंवा भाजीपाल्यासाठी दिलेले युरियासारखे खत शेजारच्या वेलीच्या मुळांपर्यंत पोहोचले तरी ती पानांवर जाते. अशा वेलीला नत्र थांबवून स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे प्रमाण अधिक असलेले खत पालवीच्या वेळी द्यावे, आणि पुरेसे शेणखत दिलेले असेल तर तेही देण्याची गरज नाही. चुकीच्या वेळची छाटणी हे तिसरे कारण. दर पंधरा दिवसांनी कुंपणासारखी कातरली जाणारी वेल फुलण्याइतकी नवी डहाळी कधीच काढू शकत नाही.

कुंडीत लावता येईल का?

येईल, मात्र कुंडी निदान ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल हवी, आणि छाटणी जमिनीतल्या वेलीपेक्षा कडक हवी. दर दोन-तीन वर्षांनी गोळा बाहेर काढून कडेची मुळे थोडी कातरावीत आणि माती बदलावी.

पाणी किती द्यावे?

पहिले वर्षभर वरची माती दोन बोटे सुकली की द्यावे. नंतर जमिनीतली वेल बराच ताण सहन करते, पण कोरड्या काळात आठवड्यातून एकदा खोलवर पाणी मिळाले तर बहर लांबतो.

पाने पिवळी पडतात किंवा चिकट होतात. उपाय काय?

थंडीत किंवा कोरड्या हवेत जुनी पाने पिवळी होऊन गळणे हा या वेलीचा स्वभाव आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर बहुधा लोह कमी पडत असते. निचरा तपासावा आणि कंपोस्ट वाढवावे. चिकटपणा मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड यांचा असतो. मुंग्यांची रांग दिसली तर ती जिथे संपते तिथेच कीड सापडते. तेवढ्या फांद्या कापून टाकाव्यात आणि उरलेल्या भागावर निंबोळी अर्क फवारावा. दाट, न छाटलेल्या वेलीतच ही कीड ठाण मांडते, हे अनेकदा पाहिले आहे.

बिया खाल्ल्या तर चालतात का?

नाही. पारंपरिक वैद्यकात तिच्या बियांचा जंतावर उपयोग केला जातो, परंतु त्यांत क्विस्क्वालिक आम्ल नावाचा, मज्जासंस्थेवर परिणाम करणारा घटक असतो आणि जास्त प्रमाणात त्यांनी उलट्या व उचक्या लागतात. लावलेल्या वेलींना फळे क्वचितच धरतात, तरी लहान मुले असलेल्या घरात ती दिसताच काढून टाकावीत.

नवी रोपे कशी करावीत, आणि बुंध्यापासून दूर उगवणाऱ्या फुटव्यांचे काय करावे?

हे दोन प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत. मधुमालतीच्या मुळांवरून जमिनीतून फुटवे निघतात, कधी बुंध्यापासून दोन-दोन मीटर दूर. रोप हवे असेल तर असा फुटवा त्याच्या मुळासह कुदळीने वेगळा करून लावावा; नको असेल तर माती उकरून तो मुळाशी जिथे जोडलेला आहे तिथून ओढून काढावा. वरून कापला तर एकाच्या जागी चार येतात. खात्रीचा दुसरा मार्ग दाब कलमाचा आहे: खालची लवचीक फांदी एका पेरापाशी किंचित खरवडून मातीत दाबावी, वर दगड ठेवावा आणि मुळे धरल्यावर ती मूळ वेलीपासून तोडावी. छाट कलमासाठी अर्धवट पिकलेल्या फांदीचे तीन-चार पेरांचे तुकडे घ्यावेत, खालची पाने काढावीत आणि वाळू मिसळलेल्या ओलसर मातीत सावलीला लावावेत. हे तुकडे मुख्य छाटणीतूनच मिळतात. उरलेल्या हिरव्या फांद्या थेट कंपोस्टच्या ढिगावर टाकू नयेत, ओलाव्यात त्याही मूळ धरू शकतात. आठ-दहा दिवस उन्हात वाळवून, देठांचे आकडे हाताला लागणार नाहीत असे बारीक तुकडे करून मगच त्या ढिगात घालाव्यात.